चाऱ्याचा वाण टनांवर तोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेती पुरवणीत चाऱ्याच्या नव्या वाणांवर नेमाने मजकूर येतो आणि मी तो नेमाने वाचते. नोकरीची सगळी वर्षे मी चारापिकांच्या पैदाशीत काढली, त्यामुळे हा विषय वर्तमानपत्रात आला की बरे वाटते. पण एक गोष्ट फार दिवसांपासून खटकते आहे. प्रत्येक वाणापुढे एकच आकडा छापलेला असतो : हेक्टरी इतके टन हिरवा चारा. त्यात पाणी किती, पाला किती, काडी किती, जनावराला पचणारे किती, यातले काहीच त्या आकड्यावरून कळत नाही. वाचणारा साहजिकच मोठा आकडा बघून ठोंबे आणतो.

हिशेब साधा आहे. कोवळ्या नेपियर गवतामध्ये ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. समजा, एका वाणाचा १०० किलो चारा निघाला आणि त्यात शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणारा भाग, १५ टक्के भरला. शेजारच्या वाफ्यातून ८० किलोच निघाला, पण शुष्क पदार्थ २२ टक्के. पहिल्या वाणाने १५ किलो अन्न दिले, दुसऱ्याने साडेसतरा किलोंहून जास्त. छापील तक्त्यात मात्र पहिला वरच्या ओळीत बसतो. शुष्क पदार्थ काढणे अवघड नाही. नमुना तोलायचा, वजन उतरायचे थांबेपर्यंत ओव्हनमध्ये वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. कापणीच्या दिवसांत आमचा ओव्हन रात्रंदिवस चालू असे आणि कागदी पिशव्यांतल्या तापलेल्या गवताचा वास कपड्यांतून जात नसे. ही सगळी मोजणी केलेली असते, अहवालात लिहिलेली असते. ती वाचकापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

आणि शुष्क पदार्थ कळला तरी काम अर्धेच होते. गवत निबर होत जाते तसे वजन चढते, प्रथिने उतरतात आणि काडीत लिग्निन हा न पचणारा कठीण घटक साठतो. चाऱ्यातली प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या जिवाणूंना नत्र पुरत नाही. तंतू फुटायला वेळ लागतो, पोट रिकामे होत नाही, आणि गव्हाण भरलेली असूनही जनावर तोंड फिरवते. म्हणजे कापणी लांबवली की टनांचा विक्रम होतो आणि दूध घटते. कापणीच्या वेळी पीक किती दिवसांचे होते हे न सांगता छापलेल्या उत्पादनाला मी तरी किंमत देत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या पैदासकाराने हे फार पूर्वी दाखवून दिले. शेतात तण म्हणून उपटली जाणारी हरळी त्यांनी चाऱ्यासाठी हाती घेतली. कापसाच्या जुन्या शेतात सापडलेली एक हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली दुसरी यांच्या संकरातून १९४३ मध्ये ‘कोस्टल’ हा वाण निघाला आणि खूप पसरला. बर्टन तिथे थांबले नाहीत. कोस्टलचा संकर त्यांनी केनियातून आलेल्या हरळीशी केला आणि संततीतून निवड करताना पचनीयतेकडे लक्ष ठेवले. त्यातून १९६७ मध्ये ‘कोस्टक्रॉस-१’ आला. त्याची पचनीयता कोस्टलपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होती, पण त्यावर चरणाऱ्या जनावरांची रोजची वजनवाढ जवळपास ३० टक्क्यांनी अधिक भरली. पचनात थोडा फरक पडला की उत्पादनात त्याहून मोठा फरक पडतो, कारण चारा लवकर पचला की जनावर खातेही जास्त. कोस्टक्रॉसला थंडी सोसत नव्हती, ही उणीव होतीच. पुढे १९९० च्या दशकात आलेल्या ‘टिफ्टन ८५’मध्ये उत्पादन आणि पचनीयता दोन्ही साधली.

याच बर्टन यांनी बाजरीतली ‘टिफ्ट २३ए’ ही नर-वंध्य (कामाचे परागकण न धरणारी, म्हणून संकराला सोयीची) ओळ तयार केली होती. तिच्यावरून लुधियान्यात भारतातली पहिली संकरित बाजरी ‘एचबी-१’ १९६५ मध्ये निघाली. धान्याच्या बाजरीतली एवढी मोठी क्रांती चाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाच्या वाफ्यातून आली, हे सांगायला मला नेहमी अभिमान वाटतो.

ज्वारी-मक्यातल्या तपकिरी शिरेच्या वाणांचेही उदाहरण घ्या. पानाची मधली शीर पांढरट न राहता तपकिरी होते असा गुणबदल मक्यात १९२० च्या दशकात दिसला आणि ज्वारीत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात तो मुद्दाम घडवून आणला गेला. या झाडांत लिग्निन कमी असते, त्यामुळे कडबा आणि मुरघास जास्त पचतो. पण त्यांचे वजन बहुधा थोडे कमी भरते आणि काही वाण लोळतात. टनांच्या तक्त्यात असा वाण कायम खालीच दिसणार. तक्ताच जर निवड करू लागला तर पैदासकार हे काम हाती तरी का घेईल?

काम किती किचकट असते याचीही वाचकांना कल्पना हवी. पॅरा गवत अनेकांनी पाहिलेले असते. त्याच्याच कुळातली ब्रॅकियारिया गवते मूळची आफ्रिकेतली. आम्लधर्मी, ॲल्युमिनियमने भरलेल्या जमिनीतही ती तग धरतात, म्हणून ब्राझीलच्या कुरणांत अफाट पसरली. यातल्या डिकम्बेन्स आणि ब्रिझांथा या मुख्य जातींत फलन न होताच बी तयार होते. या प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात. अशा बियांतून उगवलेले प्रत्येक रोप आईची हुबेहूब प्रत असते. संकर करायचा कसा? आईच्या बाजूने दार बंद. तिसरी जात रुझीझिएन्सिस, ती लैंगिक पद्धतीने बी धरते, पण तिची गुणसूत्रे निम्मी, त्यामुळे जोडी जुळत नव्हती. बेल्जियममधल्या संशोधकांनी कोल्चिसिन हे रसायन वापरून रुझीझिएन्सिसची गुणसूत्रे दुप्पट केली, आणि १९८० च्या दशकात हे दार उघडले. आता तिला आई करून बाकीच्या दोघींचे परागकण वापरता येऊ लागले. कोलंबियातल्या सिआट या आंतरराष्ट्रीय केंद्राने आणि ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेने त्यावर पैदास उभी केली. सिआटच्या संकरातून आलेल्या ‘मुलाटो-२’मध्ये तिन्ही जातींचा वारसा आहे.

संकर झाला म्हणजे सुटलो असेही नाही. संततीतली साधारण निम्मी झाडे लैंगिक निघतात आणि निम्मी अपोमिक्टिक. लैंगिक झाडे पुढच्या संकरासाठी ठेवायची. वाण होऊ शकतो तो अपोमिक्टिक झाडाचाच, कारण त्याचे गुण बियांतून टिकतात, आणि शेतकऱ्याने घरचे बी पेरले तरी बिघडत नाही. कोणते झाड कशातले, हे बाहेरून बघून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजांड तपासावे लागते किंवा संततीची लावणी करून बघावी लागते. मग फेसात लपून रस शोषणाऱ्या किडीला ते झाड टिकते का, साचलेल्या पाण्यात मरते का, पुन्हापुन्हा कापल्यावर तेवढ्याच जोमाने फुटते का, हे पाहायचे. एवढे करून निवडलेल्या झाडाला बी भरतच नाही असेही घडते. पाल्यासाठी निवडलेले झाड दाण्याला कमी पडते आणि जे काही दाणे धरतात ते पिकताच गळून जातात. उत्तम गवत कागदावरच राहण्याचे हे मोठे कारण आहे. म्हणून बी किंवा ठोंब किती आणि कुठून मिळेल, हेही वाणाच्या माहितीत आले पाहिजे.

जनावराच्या तोंडात जाणाऱ्या पिकात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे अपाय. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन किराळ लागते, म्हणजे जनावराला विषबाधा होते, ती धुरिन या घटकामुळे. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असते आणि ते शरीरातले कॅल्शियम अडकवून ठेवते. डिकम्बेन्सवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या कातडीला उन्हाचा त्रास होतो, तो त्यातल्या सॅपोनिनमुळे. ही द्रव्ये कमी असलेल्या ओळी निवडता येतात आणि निवडल्याही जातात. त्यांचा उल्लेख छापून आलेला मला तरी आठवत नाही.

टनांच्या मागे लागण्यातला सर्वात मोठा धोका मात्र वेगळा आहे. सगळीकडे एकच वाण पसरतो. बाजरी आणि नेपियर यांचा संकर घ्या. बाजरीची गुणसूत्रे १४, नेपियरची २८, संकराची २१. अशा विषम संख्येमुळे तो वांझ असतो आणि कांड्या किंवा ठोंबे लावूनच वाढवावा लागतो. म्हणजे गावोगावचे मळे हे एकाच झाडाचे तुकडे असतात. एकाला जो रोग लागेल तो सगळ्यांना लागेल. पूर्व आफ्रिकेत नेपियर खुजा करणारा फायटोप्लाझ्माचा (जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा) रोग असाच फिरला : काही अंशी तुडतुड्यांमुळे आणि काही अंशी शेतकऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या रोगट कांड्यांमुळे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल स्टायलो हे द्विदल चारापीक मोठ्या क्षेत्रावर होते. १९७० च्या दशकात करपा आला आणि ते जवळजवळ संपले. पुढे करप्याला टिकणाऱ्या दुसऱ्या स्टायलो जाती कामी आल्या, कारण त्यांचे नमुने आधीच गोळा करून ठेवलेले होते. वर ज्या संकरित बाजरीचा उल्लेख केला, तिच्यावरही पुढे केवड्याने, म्हणजे गोसावी रोगाने, घाला घातला होता.

म्हणून जनुकपेढ्यांचा विषय या पुरवणीत यावा असे मला मनापासून वाटते. ब्राझीलमध्ये चाललेले गिनी गवताचे ‘टांझानिया’ आणि ‘मोंबासा’ हे वाण फ्रेंच संशोधकांनी १९६० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत हिंडून जमवलेल्या नमुन्यांतून निवडलेले आहेत. ते जमवताना कोणालाही या वाणांची कल्पना नव्हती. नमुने नुसते ठेवून भागत नाही. बियांची उगवण तपासावी लागते, ती घटली की पुन्हा पेरून ताजे बी धरावे लागते, आणि ठोंबांवर जगणारी गवते शेतातच जपावी लागतात. या कामाला दरवर्षी पैसा आणि माणसे लागतात, आणि छपाईसाठी त्यात आकडा एकही निघत नाही. ॲमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावणारे, आणि म्हणून मातीतला नत्र वाहून जाण्यापासून वाचवणारे ब्रॅकियालॅक्टोन हे द्रव्य ब्रॅकियारियाच्या ह्युमिडिकोला या जातीच्या मुळांत सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. गवताच्या मुळात खत वाचवण्याचा गुण असेल, हे टनांचा तक्ता बघून कोणाच्या लक्षात आले असते?

माझी विनंती एवढीच आहे. यापुढे चाऱ्याच्या वाणाची माहिती छापताना हिरव्या टनांशेजारी शुष्क पदार्थ, कापणीच्या वेळचे पिकाचे वय, त्या वयाची प्रथिने आणि पचनीयता द्यावी. लागवड किती वर्षे टिकली आणि त्या काळात उत्पादन कसे उतरत गेले, हेही द्यावे. आकडे संशोधन केंद्रांकडे असतात आणि मागितले तर मिळतात. एखाद्या वाणाची पचनीयता मोजलेलीच नसेल, तर त्याच्यापुढे ‘मोजलेली नाही’ असे स्पष्ट छापावे.

आपली,
एक निवृत्त चारापीक पैदासकार