साडेतीनावा हप्ता

प्रिय मंदे,

बी.एड.च्या सराव पाठावरून आपलं जे भांडण झालं होतं ना, ते परवा दहावीतल्या एका पोरीनं मिटवलं. इथं हे कुणाला सांगू? ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "ठिपके जोडले काय नि न जोडले काय, आधी चहा टाक." फोनवर आलेख काढता येत नाही, म्हणून पत्र.

तब्येती बऱ्या. माझा गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, ह्यांची साखर आटोक्यात आहे. झालं.

तू फळ्यावर ३, ५, ७, ९ या अंकगणिती श्रेढीचे, म्हणजे सारख्या फरकानं जाणाऱ्या आकड्यांचे, ठिपके मांडलेस आणि पट्टी लावून सर्रकन रेष ओढलीस. मी मागच्या बाकावरून विचारलं, अडीचावं पद कुठं असतं गं, मग मधे रेष कशाची? मॅडमसमोर विचारलं म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. माझ्या डब्यातली मेथीची भाजी मात्र रोज खात होतीस, तीही न बोलता.

तर ही पोरगी. घरची शेती थोडी, आई बचत गटात, आणि गटाची वही हिच्याच अक्षरात. आईला शिलाई मशीनसाठी १०,००० रुपये हवे होते. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, पण राहिलेल्या मुद्दलावर. दहा महिने दरमहा हजार रुपये मुद्दल फेडायचं. तेवढ्यात दारावर कर्ज देणारा एक माणूस आला. त्याचं व्याज शेकडा दीड, फेडही तशीच दहा महिन्यांत, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. आईचं म्हणणं सरळ होतं, दोनापेक्षा दीड कमी. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणाल्या.

पोरीनं आलेखाची वही काढली. गटाचं व्याज पहिल्या महिन्यात २००, मग १८०, १६०, असं उतरत दहाव्या महिन्यात २०. त्या माणसाचं दर महिन्याला १५०, न हलणारं. पहिल्याचे ठिपके उतरणीवर, दुसऱ्याचे आडव्या ओळीत. मग तिनं दोन्हीकडून तुटक रेषा ओढल्या आणि त्या कुठं छेदतात ते पाहिलं. छेदल्या साडेतीनवर!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, साडेतीनावा हप्ता नसतोच. पण रेष ओढली नसती तर तिसऱ्यानंतर पारडं फिरतंय हे मला दिसलं नसतं. तिसऱ्या महिन्यात गटाचं १६० आहे, म्हणजे दीडशेहून जास्त. चौथ्यात १४०. तिथून पुढं सगळे महिने आपल्या फायद्याचे." गटाचं एकूण व्याज १,१००, त्या माणसाचं १,५००. आईनं गटाकडूनच पैसे घेतले.

मंदे, मी स्टाफरूममधे जाऊन नुसती बसून राहिले. पदं ठिपक्यांचीच, हे माझं खरं. आणि रेष ओढल्याशिवाय त्या ठिपक्यांची चाल कळत नाही, हे तुझं खरं. तिनं रेष तुटक काढली, अखंड नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तेव्हा तू शेजारी हवी होतीस.

मग मी तिला विचारलं, ही रेष आणखी पुढं नेली तर? तिनं अकराव्या महिन्यावर बोट ठेवलं. तिथं रेष आडव्या अक्षाला टेकते. मुद्दल संपलं, व्याज शून्य. मागं नेली तर? शून्याव्या महिन्यावर २२०. मग सूत्र आपसूक आलं, २२० वजा २० एन, एन म्हणजे कितवा महिना. मी तिला गणिताच्या पुस्तकाच्या भाग दोनचं निर्देशक भूमितीचं प्रकरण उघडून दिलं आणि म्हटलं, या रेषेचा चढ काढ. तिनं काढला, वजा २०. आणि तुझ्या श्रेढीतला डी, म्हणजे लागोपाठच्या पदांतला फरक, किती? वजा २०. माझ्याकडे बघत राहिली. "बाई, हे एकच आहे, तर दोन पुस्तकांत का ठेवलंय?"

हा प्रश्न तुलाच विचारते आता, तू पाठ्यपुस्तकांच्या प्रशिक्षणांना जातेस. भाग एकच्या पहिल्या प्रकरणात दोन चलांची रेषीय समीकरणं, तिसऱ्यात अंकगणिती श्रेढी, आणि चढ थेट भाग दोनच्या पाचव्या प्रकरणात. पोरं तिन्ही ठिकाणी वेगवेगळी सूत्रं पाठ करतात. डी म्हणजे एक पाऊल पुढं गेलं की किती चढलं, एवढंच आहे. ते एकदा दिसलं की एनव्या पदाचं सूत्र ए अधिक एन वजा एक गुणिले डी (ए म्हणजे पहिलं पद), यात तो 'वजा एक' कशाला, हेही दिसतं. पहिल्या पदापर्यंत पोचायला पाऊल टाकावं लागत नाही. माझ्या वर्गात अजून निम्मी पोरं ४, ९, १४ ला ५ एन अधिक ४ लिहितात. एनच्या जागी १ घालून बघा म्हटलं की ९ येतात आणि गोंधळतात. खरं म्हणजे ५ एन वजा १.

हे ४, ९, १४ मी उगाच घेत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं आहे, ११५० सालचं. पहिल्या दिवशी ४ द्रम्म (तेव्हाची नाणी) दान, मग रोज ५ वाढवत पंधरा दिवस, तर एकूण किती? ते त्यांनी मित्राला उद्देशून घातलंय, म्हणून तुलाही घालते, आणि तू आता तोंडी करणार हे मला ठाऊक आहे. वर्गात मी विचारलं, दान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी काय? रेषेवर वजा १ येतं. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "बाई, त्यानं आदल्या दिवशी भटजींकडून एक द्रम्म उसना घेतला होता!" वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. त्या दिवसापासून त्या वर्गात कुणी ५ एन अधिक ४ लिहिलं की बाकीचे "उसनं विसरलास" म्हणतात.

आता ज्यासाठी झोप लागत नाही ते.

पूर्वपरीक्षेत गणित होतं, सभागृहात पहिल्या रांगेत १८ खुर्च्या, पुढं प्रत्येक रांगेत २ जास्त, रांगा २१, तर एकूण खुर्च्या किती? या पोरीनं लिहिलं: शेवटची रांग ५८, मधली रांग ३८, म्हणून ३८ गुणिले २१, बरोबर ७९८. संपलं. उत्तर बरोबर, कारणही बरोबर. तीनपैकी एक गुण मिळाला. पेपर बाहेरून तपासून आले होते. शेरा होता, 'सूत्र नाही'.

मंदे, शेवटचं पद काढायचं, त्यात पहिलं मिळवून निम्मं करायचं की मधलं धन येतं, त्याला पदांच्या संख्येनं गुणलं की सगळं धन. हा भास्कराचार्यांचा श्लोकच आहे! पंधरा दिवसांच्या दानात मधलं ३९, म्हणून ५८५. आपण तिघी चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो होतो, आठवतंय ना, देवळातल्या त्या शिलालेखापुढं तू उभी राहिलीस आणि हलेचनास. शके ११२८. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला. त्याच चाळीसगाव तालुक्यातली ही मुलगी. तिनं स्वतःच्या डोक्यानं तीच रीत शोधली आणि दोन गुण गेले.

गुणांचं मी सहन करीन. पण तेव्हापासून ती गप्प झाली. आता बेरजेचं सूत्र, एस एन बरोबर एन छेद दोन, असं सुबक अक्षरात लिहिते, आकडे घालते, उत्तराखाली दोन रेघा मारते. आलेखाची वही आणत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, परीक्षेत विचार करायचा नसतो ना?" मला उत्तर देता आलं नाही. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास, आणि तिला चांगल्या कॉलेजात जायचंय. सूत्र लिही म्हणणं भाग आहे. पण मीच तसं म्हटलं तर ती वही कायमची बंद होईल अशी भीती वाटते. मुख्याध्यापक म्हणतात, एवढ्या आलेखांत वेळ घालवू नका, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. त्यांचंही चुकत नाही, निकालाचा जाब त्यांना द्यावा लागतो. पण माझ्या मनाला ते पटत नाही गं, आणि पटणारही नाही.

तू बोर्डाचे पेपर इतकी वर्षं तपासतेयस. मला स्पष्ट सांग. तिनं आधी एक ओळ लिहिली की श्रेढीत पहिलं आणि शेवटचं, दुसरं आणि शेवटून दुसरं, सगळ्या जोड्यांची बेरीज सारखीच, म्हणून मधलं गुणिले पदांची संख्या, तर तू पूर्ण गुण देशील का? तू नाही, तुझ्या टेबलावरचा सगळ्यात कडक माणूस देईल का? आणि पदं सम असली की मधलं पदच नसतं. आईच्या व्याजात पाचवं १२० आणि सहावं १००, म्हणून मधलं ११०, साडेपाचाव्या जागेवर. ते तिनं कसं मांडावं? सूत्र एका ओळीत वर लिहून खाली स्वतःची रीत, असं केलं तर वेळ जाईल, पण तिची रीत जगेल. मला तेच करावंसं वाटतं. तू म्हणशील, "शालन, तू पहिल्यापासून हट्टी." म्हण.

तुझी बदली झाली का नक्की? सूनबाईंना नोकरी लागल्याचं कळलं, फार छान. गच्चीतली गळती थांबली का? नाशकात आले की राहायलाच येते, यावेळी भाजी तुझ्या डब्यातली.

सोबत तिच्या उत्तराची झेरॉक्स पाठवतेय, नाव झाकलंय. लाल पेनानं तपास, ओळखीची म्हणून सोडू नकोस, आणि गुण कुठं दिलेस, कुठं कापलेस ते समासात लिही. पुढच्या आठवड्यात उजळणीला श्रेढीच आहे, त्याआधी मला मिळालं पाहिजे.

तुझी,
शालन

ता. क. – त्या दोन तुटक रेषांचा आलेख मी मागच्या पानावर उतरवलाय. छेदनबिंदूवर ठिपका काढलेला नाही. तू काढू नकोस.