केव्हिन सिनफील्ड यांस, साताऱ्याहून

केव्हिनराव, स. न. वि. वि.

मी कोण, हे सांगून तुमच्या काही लक्षात येणार नाही. आमचे हे शाळेत क्रीडाशिक्षक होते, कबड्डीचे पंच होते आणि गेल्या पावसाळ्यात एमएनडीने गेले. मोटर न्यूरॉन डिसीज. तुमच्या रॉब बरोला झाला तोच. मुलगा इंग्लंडात लीड्सला नोकरीला आहे, म्हणून तिथल्या रग्बी लीग संघाचे कर्णधार तुम्ही आणि तुमचा संघातला सोबती रॉब, अशी तुम्हा दोघांची नावं या घरात आली. नाहीतर रग्बी लीग कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. वर्षश्राद्ध उरकलं की सावकाश लिहीन असं ठरवलं होतं, पण तेवढा दम निघाला नाही.

आधी आजारपणात ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याबद्दल बोलून मोकळी होते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. सुरुवात यांच्या उजव्या हातापासून झाली. सदऱ्याचं वरचं बटण लागेना, मग शिट्टी बोटांतून निसटायला लागली. एका नावाजलेल्या हॉस्पिटलात सांगितलं, मणक्यात गॅप आहे. पट्टा दिला, इंजेक्शनं दिली, ऑपरेशनची तारीखही द्यायला निघाले होते. शेवटी पुण्याला खरं काय ते कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. हातपाय वाळतात, बोलणं, गिळणं, श्वास, एकेक करून सगळं जातं, आणि आतला माणूस मात्र बहुतेक वेळा लख्ख जागा असतो. डॉक्टरांचं एक वेळ सोडून देते, हा आजार ओळखायला अवघडच. माणसांचं सोडवत नाही.

ज्या मंडळींनी माझ्या हातच्या भाकरीवर स्पर्धांच्या स्पर्धा काढल्या, ती एकदोनदा येऊन गेली. बसताना खुर्ची आपसूक मागे सरकायची. यांच्या तोंडातून लाळ आली की नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आणि निघताना उंबऱ्यात थांबून, आवाज उतरवून, सगळ्यांचं एकच वाक्य: "वहिनी, बघवत नाही हो." त्यांना बघवत नव्हतं! दिवसरात्र बघणारी मी तिथेच उभी होते. एकाने, कुणीतरी काहीतरी खायला घातलं असणार म्हणून लिंबू उतरवायला सांगितलं. त्याचा मला राग नाही. तो निदान काहीतरी करा तरी म्हणत होता.

मुलाने रॉबचे सामने दाखवायला सुरुवात केली ती यांचा वेळ जावा म्हणून. पाच फूट पाच इंचाचा माणूस आणि समोर शंभर शंभर किलोची धुडं. तिथल्या सुपर लीग स्पर्धेचा 2011 चा अंतिम सामना, ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर, सेंट हेलेन्सविरुद्ध. रॉबने चेंडू उचलला, एकाच्या हाताखालून वाकून निसटला आणि थेट पलीकडच्या रेषेपर्यंत पळत सुटला. यांची जीभ तेव्हा जड झाली होती, तरी खुर्चीतून ओरडले, "डुबकी! डुबकी मारली रे!" कबड्डीच्या माणसाला दुसरं काय दिसणार. त्या दिवसापासून रग्बी आमच्या घरची झाली. त्या मोसमात लीड्स गुणतक्त्यात पाचवी होती आणि तरी विजेती ठरली, हे ते येईल त्याला अडखळत सांगायचे. येणारे म्हणजे दूधवाला आणि सिलिंडरवाला. तू फार बारका आहेस, असं ज्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं, तो लीड्सकडून 492 सामने खेळला आणि आठ वेळा विजेता झाला, याचा यांना कोण आनंद! यांनी स्वतः अशी बारकी पोरं संघात घेऊन शिव्या खाल्ल्या होत्या.

तुमची गोष्ट मात्र यांना जास्त लागली, कारण तुम्ही हरण्यात मुरलेले. 2003, कार्डिफ, चॅलेंज कप या तिथल्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना. तुम्ही बावीस वर्षांचे कर्णधार, ब्रॅडफर्ड 22, लीड्स 20, शेवट जवळ आलेला आणि पेनल्टी तुमच्याकडे. गोलावर मारली असती तर दोन गुण आणि बरोबरी. तुम्ही चेंडू घेऊन घुसायचं ठरवलंत आणि कप गेला. हे म्हणायचे, बरोबर केलं, कर्णधाराने जिंकायलाच जायचं असतं. मी म्हणायचे, आधी दोन गुण पदरात पाडून घ्यायचे, मग काय ती मर्दुमकी. यावर आमची खरोखरची भांडणं झाली, आणि त्या दिवसांत भांडायला मिळणं हीसुद्धा चैन होती. पुढे 2005, 2010, 2011, 2012, दर वेळी त्याच कपच्या अंतिम सामन्यात हार. 2014 ला कुठे तो हाती आला. 2015 ला कर्णधार असून तुम्हाला काही काळ बाकावर बसवलं, आणि त्याच मोसमात लीड्सने तिन्ही करंडक आणले. लीगमधला तुमचा शेवटचा सामना विगनविरुद्ध, तोही 22-20 असाच, या खेपेला तुमच्या बाजूने. हे तो आकडा माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

डिसेंबर 2019 मध्ये रॉबचं निदान झालं, वय 37. पुढच्या डिसेंबरात तुम्ही सात दिवसांत सात मॅरेथॉन धावलात, कारण त्याच्या जर्सीवर 7 होता. जमवायची रक्कमही 77,777 पौंड ठरवलीत. जमले वीस लाखांच्या वर. मग लेस्टरहून लीड्सपर्यंत चोवीस तासांत 101 मैल. मोठंच काम. पण त्यासाठी आभार मानायला तुमचा सारा देश आहे.

14 मे 2023 ला, लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये, तुम्ही रॉबला चाकाच्या खुर्चीत बसवून 42 किलोमीटर ढकलत आणलंत. शेवटची रेषा पुढ्यात. खुर्ची तशीच पुढे लोटली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही थांबलात, त्याला उचललंत आणि छातीशी धरून रेषा ओलांडलीत. हे जगाने पाहिलं. आमच्या घरात पाहिलं गेलं ते वेगळंच: तुम्ही त्याचा मुका घेतलात. सगळ्यांदेखत, घामेजल्या तोंडाने.

हे ते परत लाव, परत लाव म्हणून खुणावत राहिले. मला आधी कळेना. मग कळलं. मी, मुलगा आणि पगारी मावशी सोडलं तर महिनोन्महिने यांच्या अंगाला कुणाचा हात लागलेला नव्हता. नमस्कार लांबून. देवाचा प्रसादसुद्धा लोक माझ्या हातात ठेवून जायचे. ज्या माणसाने उभं आयुष्य पकडी शिकवल्या, पोरांच्या कमरेला, घोट्याला, मनगटाला धरून शिकवल्या, त्याला शिवायला माणसं कचरत होती.

तोवर हे घराबाहेर पडायला तयार नसत. पुढे बोलणं पुरतं गेलं, तेव्हा मी अक्षरं वाचत जायचे आणि हवं ते आलं की हे डोळे मिटायचे. एके दिवशी शब्द जुळला तो "मैदान". तालुक्याची स्पर्धा चालू होती. जुनी पोरं गाडी घेऊन आली. तुमचा व्हिडिओ मी त्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवला होता, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. एकाने काखेत हात घातला, दुसऱ्याने गुडघ्याखाली. मध्यरेषेवर नेऊन पाय मातीला टेकवले. चढाईला निघालेला एक पोरगा थांबला, पाया पडला, आणि उठताना गळ्यातल्या टॉवेलने सरांची हनुवटी पुसून, तोच टॉवेल परत गळ्यात टाकून खेळायला गेला. हा पोरगा सेंट्रिंगच्या कामावर जातो. दहावी त्याला दोनदा द्यावी लागली होती. माणुसकीची परीक्षा कुठलं बोर्ड घेतं कोण जाणे, पण आमच्या ओळखीतले पुष्कळ पदवीधर तिथे बसलेलेच नाहीत.

रॉब 2 जून 2024 ला गेला, 41 व्या वर्षी. यांना सांगू नकोस असं मुलगा म्हणत होता. मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी लीड्समधल्या सीक्रॉफ्टला त्याच्या नावाच्या एमएनडी केंद्राच्या कामाचा नारळ फुटला, तेही सांगितलं. हे बराच वेळ डोळे मिटून होते, आणि त्या वेळी मी अक्षरं वाचत नव्हते.

रॉबच्या पत्नीला, लिंडसीताईंना, माझा नमस्कार सांगा. लोकांनी तुमचं कौतुक केलं ते रास्तच आहे. पण फिजिओथेरपीची नोकरी, तीन लेकरं, नवऱ्याचं खाणंपिणं, आणि त्याच मॅरेथॉनला स्वतः धावणं, हे त्या माउलीने कसं निभावलं असेल ते मला विचारा. रात्री कूस बदलून द्यायला उठणाऱ्या बाईचे फोटो निघत नाहीत. त्या केंद्राला यांच्या पेन्शनमधून काही पाठवायचं आहे. किती, म्हणून मुलाने विचारलं. म्हटलं, 777 पौंड पाठव आणि त्याचे रुपये किती होतात ते मला सांगू नकोस.

आणखी एक. 2003 ची ती पेनल्टी तुम्ही गोलावर मारायलाच हवी होती. वाद घालायला आता घरात कुणी नाही, म्हणून तुम्हालाच कळवते.

लोभ असावा.