नाडीच्या तक्त्यासोबत हृदयाचे नियमनही समजावून सांगावे

संपादक महोदय,

सस्नेह नमस्कार.

आपल्या दैनिकासह अनेक मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर वयानुसार हृदयाचे ठोके किती असावेत याचे तक्ते अधूनमधून प्रसिद्ध होतात. 220 मधून आपले वय वजा करावे, उरलेल्या संख्येच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत ठोके जातील इतके चालावे, बसल्या जागी ठोके 72 असतील तर हृदय उत्तम समजावे, अशी त्यांची मांडणी असते. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि म्हणूनच हे तक्ते पाहून मला काळजी वाटते. मनगटावरच्या घड्याळात ठोके दिसू लागल्यापासून अनेक जण त्या आकड्यालाच प्रमाण मानून व्यायाम वाढवतात किंवा थांबवतात, आणि काही जण तर घाबरून चालू गोळ्यांमध्ये परस्पर बदलही करतात. ठोक्यांची संख्या हा हृदयाच्या प्रकृतीचा निकाल नव्हे. शरीराने त्या क्षणी हृदयाकडे जी मागणी केलेली असते तिचा तो केवळ एक भाग आहे, ही गोष्ट या तक्त्यांत कोठेच सांगितलेली नसते.

हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: मिनिटाला पडणारे ठोके आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. विश्रांतीच्या वेळी 70 ठोके आणि दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त धरले, तर मिनिटाला जवळपास 5 लिटर होतात. दीर्घकाळ पळण्याचा सराव असलेल्या धावपटूच्या हृदयाला तेवढेच रक्त 50 ठोक्यांत पुरवता येते, कारण त्याच्या प्रत्येक ठोक्याला 100 मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर पडते. कमी आकडा पाहून त्याने घाबरायचे कारण नाही. उलट, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके पेसमेकरने नुसतेच वाढवले, तर मिनिटाचा एकूण पुरवठा फारसा वाढत नाही, कारण दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ घटतो आणि प्रत्येक ठोक्याचे रक्त त्या प्रमाणात कमी होते. पुरवठा खऱ्या अर्थाने वाढायचा असेल, तर हृदयाकडे परत येणारे रक्तही वाढावे लागते.

परत येणाऱ्या रक्ताचा हा मुद्दा वृत्तपत्रीय लेखनात जवळजवळ नेहमीच सुटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शरीरातील रक्ताचा निम्म्याहून बराच मोठा वाटा कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतो. चालताना पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू आवळले गेले की शिरांमधील झडपांमुळे ते रक्त वरच सरकते. श्वास आत घेताना छातीतील दाब कमी होतो आणि त्यानेही ते हृदयाकडे ओढले जाते. जास्त रक्त आल्याने निलयाची, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत अधिक ताणली जाते, आणि अधिक ताणलेला हृदयस्नायू पुढच्याच ठोक्याला अधिक जोराने आकुंचन पावतो. जर्मनीत ओटो फ्रँक यांनी 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि पुढे इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयावर हा गुणधर्म दाखवून दिला. यासाठी मेंदूच्या आज्ञेची किंवा संप्रेरकाची गरज नसते. तो स्नायूच्या घडणीतच आहे. त्याचे मोल समजण्यासाठी एक हिशोब पुरेसा आहे. फुप्फुसांकडे रक्त पाठवणाऱ्या उजव्या निलयाने शरीराला रक्त पुरवणाऱ्या डाव्यापेक्षा दर ठोक्याला केवळ 1 मिलिलिटर जास्त रक्त पाठवले आणि ही तफावत तशीच राहिली, तर 70 ठोक्यांच्या वेगाने तासाभरात 4 लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत साचेल. असे होत नाही, कारण डावीकडे आलेले जादा रक्त डाव्या निलयाला ताणते आणि तो ते लगेच पुढे पाठवतो.

या अंगभूत गुणधर्मावर चेतासंस्थेचे नियंत्रण असते. उजव्या अलिंदातील, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील, ज्या पेशीपुंजातून ठोका सुरू होतो, त्याची स्वतःची गती तरुण वयात मिनिटाला 100 च्या आसपास असते. विश्रांतीत ती 70 वर येते ती व्हेगस या चेतातंतूने सतत धरलेल्या लगामामुळे. हा तंतू रासायनिक पदार्थ सोडून हृदयाला मंद करतो, हे ओटो लोवी यांनी 1921 मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवरील प्रयोगातून सिद्ध केले आणि 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपण चालायला लागतो तेव्हा आधी हा लगाम सैल होतो, आणि नंतर शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था व अॅड्रेनलिन यांच्यामुळे गती आणि आकुंचनाचा जोर दोन्ही वाढतात. मानेतील धमनीच्या फुगीर भागात आणि महाधमनीच्या कमानीत दाब जाणणारे चेतातंतू असतात, आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला सतत खबर देत असतात. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते, तरी आपल्याला भोवळ येत नाही, ती या व्यवस्थेमुळे. वय वाढले, शरीरातील पाणी कमी झाले किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्या की ही व्यवस्था मंदावते. अशा ज्येष्ठांनी उठताना काठावर थोडे बसावे, हा सल्ला कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

हे नियमन बिघडले म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण कोकणातच आहे. तांबड्या विंचवाच्या विषाने अनुकंपी चेतासंस्था बेफाम चेतवली जाते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो आणि त्या वाढलेल्या अवरोधाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन देण्यास सुरुवात केली आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. हे औषध हृदयाला जोर देत नाही. ते रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरने शरीरक्रियाशास्त्राचा असा नेमका उपयोग केला, याचा मला मराठी माणूस म्हणून अतिशय अभिमान वाटतो.

माझी विनंती एवढीच आहे की यापुढे असा तक्ता छापताना तो कोणाला लागू पडत नाही, हे त्याच्या शेजारीच स्पष्ट लिहावे. 220 वजा वय हे सूत्र मुळात सरासरीचे आहे. एकाच वयाच्या निरोगी माणसांमध्येही त्यापासून 10 ते 12 ठोक्यांचा फरक सहज आढळतो. बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके व्यायामातही मुद्दामच आवरलेले असतात. त्यांनी तक्त्यातील आकडा गाठण्यासाठी वेग वाढवणे धोक्याचे आहे आणि ठोके कमी दिसतात म्हणून गोळी अचानक बंद करणे त्याहून धोक्याचे. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांच्या नव्या हृदयाला सुरुवातीच्या काळात चेतातंतूंची जोडणीच नसते. त्यामुळे विश्रांतीतही त्यांचे ठोके 90 ते 110 असतात आणि चालू लागल्यावर रक्तातील अॅड्रेनलिन वाढेल तसे सावकाश चढतात. या मंडळींनी, तसेच पेसमेकर बसवलेल्यांनी व हृदयाची लय अनियमित असलेल्यांनी, किती चालावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. इतरांनी चालताना सलग बोलता येते का, धाप किती लागते, छातीत दुखते का आणि थांबल्यावर ठोके किती वेळात उतरतात, याकडे लक्ष द्यावे. चालण्याचा व्यायाम संपल्यावर एकदम स्तब्ध उभे न राहता काही मिनिटे संथ चालावे, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर पाठवत राहतील, हेही त्याच चौकटीत छापता येईल.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा