आईच्या सोडियमविषयी

नागपूर,
मे अखेर

चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडून विचारलेस की, एवढेसे मीठ भरून काढायला डॉक्टरांना पाच दिवस का लागावेत. वॉर्डात लोकांसमोर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या आईच्या अंगातले मीठ घटले नव्हते, पाणी वाढून ते पातळ झाले होते. उदासीसाठी चालू असलेल्या एस्सिटालोप्रामच्या गोळीमुळे शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा जोर वाढला, असे डॉक्टरांचे निदान आहे. उतारवयात हे घडते. त्यात आपल्याकडचे ऊन, म्हणून मीच तासातासाला माठातले पाणी आणि शहाळे तिच्यापुढे धरीत होतो. ती नको म्हणे, मी आग्रह करी. हे मला फार लागले आहे. दाखल केले तेव्हा ती मलाच "तुम्ही कोण?" असे विचारत होती, आणि रक्तातले सोडियम (मिठातला मुख्य क्षार) १३५ ते १४५ असायला हवे ते ११८ होते.

पहिल्या दिवशी तीन टक्क्यांचे सलाईन (नेहमीच्या बाटलीत ०.९ टक्केच मीठ असते) अगदी मोजून दिले. ती भानावर आली, आकडा १२३ वर गेला, आणि डॉक्टर तिथेच थांबले. सोडियम हळूहळू उतरत असते तेव्हा मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून सुजेपासून बचाव करतात. ते क्षार परत जमायला काही दिवस जातात, आणि त्याआधीच रक्तातले सोडियम झपाट्याने चढवले तर मज्जातंतूंवरचे आवरण खराब होते. मग काही दिवसांनी जीभ अडखळते, घास गिळवत नाही, आणि ते नुकसान कायमचेही राहू शकते. म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढू देत नाहीत.

पाणी दिवसाला एक लिटरवर आणूनही दोन दिवस आकडा हलेना, तेव्हा टॉलव्हॅप्टनची १५ मिलिग्रॅमची गोळी दिली. ती मूत्रपिंडात त्या संप्रेरकाची वाट अडवते. लघवीवाटे पाणी निघून जाते, मीठ मागे राहते. तुला नवल वाटेल, पण त्याच दिवशी पाण्याचे बंधन उठवले आणि तहान लागेल तसे पिऊ द्या म्हणाले, नाहीतर आकडा भलताच चढला असता. ही गोळी घरी सुरू करीत नाहीत ती याचसाठी. सिस्टर सहा-सहा तासांनी रक्त नेत होत्या, आणि मी भांड्यातली लघवी मोजून पलंगाशी टांगलेल्या कागदावर मांडत होतो: दिवसरात्र मिळून चार लिटर. आज सकाळी आकडा १३० आला, आणि चहात साखर कमी पडल्याची तक्रारही आली.

ही गोळी यकृताला बाधू शकते, म्हणून महिन्याच्या वर देत नाहीत. आईची तर दोन-तीन दिवसांतच थांबवणार आहेत. उदासीसाठी दुसरे औषध कोणते, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तू दरमहा औषधे मागवून पाठवतोस, त्या यादीतून जुनी गोळी आजच काढून टाक. कपाटात उरलेली अर्धी स्ट्रिप मी डॉक्टरांच्या हवाली केली आहे.

तुझा,
बाबा