तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरचं इंटरनेट कितीतरी दिवस बंद आहे आणि बिल मात्र अख्ख्या महिन्याचं आलं, हे आईकडून कळलं. बाबा, तुम्ही ते बिल भरूनही टाकलंत. त्यातले बंद दिवसांचे पैसे आपल्याला मागायचे आहेत. ते आपल्या हक्काचे आहेत, मागताना अजिबात संकोच करू नका. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा आणि पत्र फोनशेजारच्या वहीत ठेवा.

पहिली गोष्ट, केबलवाल्या मुलाच्या मोबाइलवर फोन करणं म्हणजे तक्रार नव्हे. मुलगा चांगला आहे, आईच्या हातचा चहा पिऊन जातो, पण तुम्ही त्याला केलेल्या फोनची कंपनीच्या दप्तरी कुठेच नोंद होत नाही. उद्या कंपनी सरळ म्हणेल, आमच्याकडे तक्रार आलीच नव्हती. म्हणून फोन करायचा तो बिलावर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर. तक्रार नोंदवली की कंपनीला तक्रार क्रमांक द्यावाच लागतो. ते त्याला डॉकेट नंबर म्हणतात आणि तो एसएमएसनेही येतो. ट्राय म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमांतच हे आहे. समोरचा माणूस कितीही गोड बोलला, 'काका, उद्या होऊन जाईल' म्हणाला, तरी तो क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि क्रमांक लिहायचा. पुढचं सगळं या एका ओळीवर उभं राहतं.

घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात केबल तुटली, असं ते सांगतात. खरंही असेल, खोदकाम आपण रोज बघतोच. पण जी सेवा मिळाली नाही तिचे पैसे आपण का भरायचे? बिघाड तीन दिवसांहून जास्त लांबला तर भाड्यात सूट द्यायची तरतूद ट्रायच्या सेवा-दर्जाच्या नियमांत आहे, आणि उशीर वाढतो तशी सूटही वाढते. ती आपोआप बिलात येईल अशी वाट पाहू नका. तक्रार क्रमांक घालून ईमेल करा. मजकूर मी लिहून देते, तुम्ही फक्त नाव आणि ग्राहक क्रमांक तपासा.

त्यावर समाधानकारक उत्तर आलं नाही तर अपील. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या वेबसाइटवर असतो. अपील तीस दिवसांत करायचं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यांनी एकोणचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. शेजारचे काका म्हणतात तसं थेट ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही. ट्राय कंपन्यांसाठी नियम करते, एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. दाद मागायची तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

आणि तरीही दाद लागली नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिफोनची प्रकरणं ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं बाबांना कोणीतरी सांगितलंय. पूर्वी तसा गोंधळ होता खरा. पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ग्राहक तिथे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आई, ग्राहक पंचायतीच्या संघात तू इतकी वर्षं सामानाच्या वाटपाला बसलीस, वजनात फरक निघाला की तूच आधी बोलायचीस. तोच आवाज इथेही लाव. अडलं तर पंचायतीचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतातच.

आता आईचा मोबाइल. बॅलन्समधून कधी गाण्याचे, कधी राशिभविष्याचे पैसे कापले जातात ना? ग्राहकाने पुन्हा होकार कळवल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही. १५५२२३ हा बंद करण्याचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९ वर फोन कर. जाहिरातीचे अधिकृत फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, आणि बँकांनी कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरायचे असतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणालं तर फोन ठेवून पासबुकावरच्या नंबरवर आपण करायचा.

बाबा, तुमच्याकडे साधा बटणांचा फोन, तरी दर महिन्याला डेटाचा रिचार्ज कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणं बंधनकारक केलं, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार स्वतःहून सांगणार नाही, तुम्ही नाव घेऊन मागा. आणि कपाटातल्या जुन्या फोनमधलं सिम तसंच पडू देऊ नका. पेन्शनच्या खात्याला तोच नंबर जोडलाय. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. प्रीपेड खात्यात निदान वीस रुपये ठेवा आणि अधूनमधून एक फोन लावा. त्याहून बरं म्हणजे बँकेत जाऊन चालू नंबर नोंदवून टाका.

या सगळ्यात मला खरी भीती वाटते ती एकाच फोनची. 'ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, नऊ दाबा.' मग पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येतो आणि म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलू नका, मुलांना सांगू नका. अशी अटक कायद्यातच नाही. ट्राय कोणालाही असा फोन करत नाही, कोणाचा नंबर तोडतही नाही. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं यात आयुष्याची पुंजी घालवून बसली आहेत, तेव्हा आपल्याला काय होतंय असं मनात आणू नका. फोन कापा आणि मला करा, रात्री दोन वाजले तरी. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

मोबाइलची कंपनी बदलायची का, हे आईने विचारलं होतं. नंबर तोच राहतो. १९०० वर इंग्रजीत पोर्ट लिहून पुढे आपला नंबर पाठवायचा, येणारा कोड चार दिवस चालतो. पण घाई नको. आधी इंटरनेटचं मिटू दे, कारण ते या पद्धतीने बदलता येत नाही, नवी जोडणीच घ्यावी लागते. सोसायटीत दुसऱ्या कंपनीची केबल येऊ देतात का, हे बाबांनी सेक्रेटरींना विचारून ठेवा.

उद्या सकाळी दहानंतर ग्राहक सेवेला फोन लावा आणि मिळालेला क्रमांक मला पाठवा. ईमेल मी रात्रीच तयार करून ठेवते.

तुमची,
मनू

ता. क. बिलाची पावती टाकून देऊ नका, आई. ती ईमेलसोबत जोडायची आहे.