क्रूझने कोकणच्या बंदरांवरही थांबावे

मा. संपादक,
स.न.

लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ल्याला यायचो. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्या काकूंना बोट लागली की आई कोकम द्यायची. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण... बोट दूर उभी राही आणि माणसे, बोचकी, आंब्याच्या पेट्या पडावातून काठावर जात. त्या एका दिवसात अख्खा किनारा ओळखीचा होई.

गेल्या डिसेंबरात नातवाबरोबर मुंबई–गोवा क्रूझने गेले. खोली छान, जेवण उत्तम. पण संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर किनाऱ्यापासून इतकी लांबून गेली, की नातवाला दाखवायला एक दीपस्तंभसुद्धा सापडला नाही. सगळे आत, संगीताच्या खोलीत. मी मात्र पहाटेपर्यंत कठड्याशी उभी होते.

समुद्राची ओढ कशाने लागते, हे शिडाचे जहाज पाहिले की कळते. गोवा शिपयार्डात बांधलेले नौदलाचे ‘तरंगिणी’ १९९७ साली सेवेत आले. तीन डोलकाठ्या, वीस शिडे. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाऱ्यावर चालणारे जहाज आपल्याच किनाऱ्यावर बांधता येते, तर पर्यटकांसाठी लहान शिडाची बोट का नको?

पावसाळा सोडून, दिवसाउजेडी, विजयदुर्ग आणि मालवणला थांबणारी एक तरी फेरी सुरू व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले