जे नंतर बदलता येत नाही, ते आधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सहलीचा तक्ता काल सावकाश वाचला. आम्हा दोघांना, सूनबाईला आणि छोटीला एकत्र घेऊन परदेशी जायचं, आणि त्याची सगळी जबाबदारी तू आपणहून अंगावर घेतलीस, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ठिकाण अजून नक्की नाही, तरी दोन-तीन पर्यायांसाठी तू सकाळपासून रात्रीपर्यंतचे दिवस भरून ठेवले आहेस. कागदपत्रांचा मात्र कुठे उल्लेख नाही, आणि आपल्यातलं कोण किती चालू शकतं तेही नाही. फोनवर बोललो तर विषय भरकटतात, म्हणून लिहायला बसले.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की आखणी दिवसांच्या क्रमाने करू नकोस. कोणती गोष्ट चुकली तर नंतर सुधारता येणार नाही, त्या क्रमाने कर. कुठे जेवायचं हे ऐनवेळी बदलता येतं. मुदत संपत आलेला पासपोर्ट विमानतळावर बदलता येत नाही. तुझ्या तक्त्यातलं बरंचसं सहज बदलण्यासारखं आहे आणि नेमकं त्यावरच तू सर्वांत जास्त वेळ घालवला आहेस.

सुरुवात माणसांपासून कर. प्रत्येकाशी वेगळं बोल, कारण सगळे एकत्र असले की जो मोठ्याने बोलतो त्याचंच ठरतं. बाबांना ‘कुठे जायचं?’ असं विचारलंस तर ‘मला काहीही चालेल’ म्हणतील. ते उत्तर धरून चालू नकोस. त्यांना नेमकं विचार: सलग किती वेळ चालवतं, जिना चढताना गुडघा कधी बोलायला लागतो, लांबच्या प्रवासात किती वेळाने उठावं लागतं. याची उत्तरं ते सरळ देतील. सूनबाईला वर्षभर घर आणि नोकरी सांभाळून सुट्टी मिळते आहे. तिला फिरायचं आहे की निवांत पडायचं आहे हे तिच्याच तोंडून ऐक, आपण ठरवू नकोस. छोटीची दुपारची झोप मोडली तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते, तेव्हा ती झोप वेळापत्रकात लिहूनच ठेव. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचार: अशी कोणती एक गोष्ट आहे, जी राहून गेली तर तुला चुटपुट लागेल? ती पाच उत्तरं म्हणजे आपल्या सहलीचा गाभा. बाकी सगळं वेळ उरला तर.

पैशाचं बोलणंही याच टप्प्यावर. एकूण किती खर्च करायचा तो आकडा आधी ठरव आणि मग त्यात बसणारं ठिकाण शोध. ठिकाणाच्या प्रेमात पडल्यावर आकडा आपोआप वाढत जातो. त्यातला थोडा भाग अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेव आणि तो नाहीच असं समजून आखणी कर.

मग तारखा. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे तुला माहीत आहे, पण सणांकडेही बघ. जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत ‘गोल्डन वीक’ असतो, तेव्हा तिथलेच लोक फिरायला निघतात आणि गाड्या, हॉटेलं भरून जातात. चांद्र नववर्षाला पूर्व आशियात तेच होतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी आधी येतो, म्हणून मागच्या वर्षी कुणाला आलेला अनुभव यंदाच्या तारखेला लागू होईलच असं नाही. त्या काळात जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. माहीत असून जावं, म्हणजे त्या गर्दीतही मजा घेता येते.

आता कागदपत्रं. इथे मी जरा रेंगाळणार आहे. बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे. तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. छोटीचा पासपोर्ट आधी बघ, कारण लहान मुलांचे पासपोर्ट साधारणपणे कमी मुदतीचे असतात आणि ते पटकन लक्षात येत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. घरात हाक मारायचं नाव आणि लग्नानंतरचं आडनाव यांत गोंधळ होतो, म्हणून सूनबाईचं नाव दोनदा तपास.

शेंगेनचा पर्याय तुझ्या यादीत वर आहे म्हणून व्हिसाचंही लिहिते. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि 15 दिवस आधीपर्यंतच. निर्णयाला एरवी 15 दिवस लागतात, पण काही अर्जांना 45 दिवसांपर्यंतही वेळ लागू शकतो. शिवाय भेटीची वेळच लवकर मिळत नाही असं होतं, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस. ज्या देशात आपले सर्वांत जास्त दिवस जाणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. प्रवासविम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं लागतं. म्हणजे बघ, कोणत्या शहरात किती रात्री हे ठरल्याशिवाय अर्जही नीट भरता येत नाही. तिकिटं आणि हॉटेलं शक्यतो रद्द करता येतील अशीच घे. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, व्हिसा हातात येईपर्यंत तेवढी शांत झोप मिळते.

आफ्रिकेचा पर्याय निवडलास तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीची चौकशी लगेच कर. काही देश तिचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ते प्रमाणपत्र ग्राह्य होतं, निघण्याच्या आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही. एकदा घेतली की 2016 पासूनच्या नियमानुसार ते जन्मभर चालतं. मात्र साठी उलटलेल्यांना आणि अगदी लहान मुलांना ही लस देताना डॉक्टर वेगळा विचार करतात. आपल्या घरात दोन्ही वयांची माणसं आहेत. त्यामुळे ठिकाण ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोल, नंतर नव्हे.

तिकिटं काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळ. मध्ये विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू दे. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण आलोच नाही. सामान बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नीट वाच. 15 तारखेला रात्री 12:20 चं विमान म्हणजे 14 तारखेला रात्रीच विमानतळावर पोचायचं. पहाटे पोचणार असू तर हॉटेलची खोली दुपारीच मिळते हे लक्षात ठेव. बाबा आणि छोटी यांना सामानावर बसवून आठ तास काढायचे नाहीत, तेव्हा आदल्या रात्रीपासूनच खोली घे.

घड्याळाचाही विचार कर. शरीर दिवसाला साधारण एक तास एवढ्याच वेगाने नव्या वेळेशी जुळतं, आणि पूर्वेकडे जाताना ते जास्त जड जातं. सहा तासांचा फरक असेल तर पहिल्या दोन दिवसांत महागडं, वेळेला बांधलेलं काही ठेवूच नकोस. उजेडात चालणं, वेळेवर जेवण, लवकर झोप, एवढंच असू दे.

आता तुझ्या तक्त्यातल्या दिवसांकडे येते. तू जवळजवळ रोज मुक्काम बदलला आहेस. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला गाडी तीन तास घेते असं तू लिहिलं आहेस, पण तो फक्त गाडीचा वेळ झाला. सामान आवरणं, खोली सोडणं, स्थानकावर पोचणं, वाट बघणं, तिकडे नवी खोली शोधणं, हे धरलंस तर अर्ध्याहून जास्त दिवस गेला. लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असताना तर पूर्णच. म्हणून निम्मी गावं काढून टाक. कोणती काढायची ते मी सांगणार नाही, वर लिहिलेली पाच उत्तरं समोर ठेवलीस की आपोआप दिसेल.

काही गोष्टींना मात्र ठराविकच जागा असते, आणि तिथे काळजीपूर्वक आखणी लागते. संग्रहालयांचे बंद दिवस बघ. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, त्याच शहरातलं ओर्से सोमवारी. तुला समुद्रात स्कूबा डायव्हिंग करायचं आहे ना, ते शेवटच्या दिवशी टाकू नकोस. पाण्याखालून आल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात चढलं तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. एकदाच डुबकी घेतली असेल तर किमान 12 तास, अनेकदा घेतली असेल तर किमान 18 तास थांबायचं असतं. एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवलास तर मला बरं वाटेल. पेरूच्या पर्यायातही असंच आहे. कुझको शहर सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे आणि सगळे जिथे जातात ते माचू पिचूचे प्राचीन अवशेष सुमारे 2,400 मीटरवर, म्हणजे बरंच खाली. तेव्हा विमानातून कुझकोला उतरलो तरी पहिल्या रात्री खालच्या दरीत राहायचं, माचू पिचू बघायचं, आणि कुझको शेवटी ठेवायचं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या लक्षात घेता हा पर्याय निवडण्याआधीही त्यांच्या डॉक्टरांना विचारणं आलंच.

आणि मोकळे दिवस ठेव. हे मी आग्रहाने सांगते. नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं निघण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात होती, पण परतल्यावर तो फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांच्यातच परतल्यावरही थोडा काळ तो टिकला. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, आखणीचे हे महिने म्हणजे सुट्टीच आहे, तेव्हा सगळं एकट्याने करू नकोस. छोटीला नकाशा दाखव, बाबांना रेल्वेचं वेळापत्रक शोधायला दे, त्यांना ते मनापासून आवडतं. दुसरी, दर तीन दिवसांमागे एक दिवस तक्त्यात कोरा सोड. त्या दिवशी कुणाला बाहेर पडायचं नसेल तर पडू नये. आपण पाच जण प्रत्येक ठिकाणी एकत्रच असलं पाहिजे असंही नाही. आम्ही दोघं बागेत बसू, छोटी आमच्याजवळ खेळेल, तुम्ही दोघं कुठे तरी फिरून या. वर्षभर तुम्हाला एकमेकांशी निवांत बोलायला मिळत नाही, ते मला दिसतं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, त्यात तू तरबेज आहेस. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत, आणि दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते आणि 100 वॅट-अवर क्षमतेपर्यंतची (आकडा तिच्यावरच छापलेला असतो) वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या छायाप्रती दोघांकडे वेगवेगळ्या असू देत. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घे. कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवड, दुसऱ्या पर्यायात दर वाईट लागतो. गाडी चालवणार असशील तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून ने, आणि मूळ परवाना बरोबर ठेव.

परतीचाही एक दिवस धर. रविवारी रात्री उतरून सोमवारी सकाळी कामावर जाण्यात सगळी विश्रांती पाण्यात जाते. बॅग फुटलेली मिळाली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी नोंद कर. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, आणि उशिरा आलेल्या बॅगेसाठी 21 दिवस मिळतात. विम्याचा दावा करायचा असेल तर बिलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवत जा, परतल्यावर ती सापडत नाहीत.

आणि हिशेब घरी आल्यावर आठवडाभरात मांड. आम्हा दोघांचा वाटा आम्हालाच द्यायचा आहे. तू नको म्हणशील हे मला ठाऊक आहे, पण बाबांना ते मनापासून हवं आहे आणि मलाही. त्यामुळे आकडा लपवू नकोस, मोकळेपणाने सांग.

तुझी,
आई